मोठीमायची हरकत

मोठीमायला मातीआड केलं त्या दिवशी कबरीपाशी उभं राहून तरुण पाळकसाहेबांनी सांगितलं की, आमची ही वृद्ध भगिनी अत्यंत शांत, नम्र आणि मितभाषी होती. मी मागच्या रांगेत होते. शेजारी माझा नवरा, मनोहर. त्यानं माझा दंड घट्ट धरला, कारण मला हसू फुटणार हे त्यानं ओळखलं होतं. आणि मी त्याचा धरला, कारण त्याला ते आधीच फुटलं होतं. लोकांना वाटलं, नात आणि नातजावई दुःखानं थरथरताहेत. दुःख होतंच, खोटं कशाला बोलू. आणि पाळकसाहेबांचाही काही दोष नव्हता बिचाऱ्यांचा. ते आमच्या मंडळीत नवे होते आणि त्यांनी मोठीमायला पाहिलं ते अंथरुणाला खिळल्यावर, बहुतेक वेळा झोपलेलं. झोपेत सगळीच माणसं मितभाषी असतात.

तो शब्द मात्र माझ्या डोक्यात रुतून बसला. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलंय, गुडघे कुरकुरतात, नातवंडांचं अर्धं बोलणं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं कळत नाही. माझ्यामागंही कुणीतरी असंच उभं राहून माझ्याबद्दल काहीबाही सांगणार, हे मला स्पष्ट दिसतंय. माझं जाऊ द्या. निदान तिच्याबद्दलचं तरी कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं, आणि ते लिहिण्याइतकी तिची बोलणी खाल्लेलं माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तिचं नाव मार्थाबाई. ती माझ्या वडिलांची आई. मी तिला मोठीमाय म्हणायचे. माझी आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती; कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, घरी यायची ती पाय चोळत. वडिलांना मी दादा म्हणायचे; ते मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि घरात असले तरी आहेत की नाहीत ते बघायला लागायचं. तेव्हा मला न्हाऊमाखू घालणं, खाऊ घालणं, धोपटणं आणि पवित्र शास्त्रातल्या गोष्टी चुकीच्या सांगणं, हे सगळं मोठीमायकडं होतं. तिच्या गोष्टीतला नोहा तारवात शेळ्या आधी चढवायचा, कारण तिच्या मते शेळ्या बाहेर राहिल्या तर पोरांना दूध कुठून मिळणार.

आमचं घर छावणीत, देवळाच्या मागच्या अंगाला. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं ओटा. पहाटे पलटणीतलं बिगुल वाजायचं, मग मशिदीतली अजान, मग मोठीमायचं खाकरणं, आणि एवढं होऊनही मी उठले नाही तर तिचा आवाज. "रुथे, देवबाप उठला, पलटण उठली, शेजारचं गाढव उठलं. तू कवा उठणार?" माझं नाव रूथ. त्या हाकेनं मी सोडून बाकीची सगळी गल्ली उठायची. पोलीस ॲक्शन होऊन गेली होती. माझी अक्षरओळख अलिफ-बेपासून झाली आणि शाळा संपेपर्यंत फळ्यावर मराठी आली होती, त्यामुळं मला दोन्हीही धड येत नाही असं दादा म्हणायचे. मोठे लोक ओट्यावर बसून आता काय काय बदलणार याच्या गप्पा मारत, तेव्हा मोठीमाय मिश्री लावता लावता मध्येच विचारायची, "निजाम गेला म्हून आपल्या नळाला पाणी वाढलं का? नाय ना? मंग उठा, मला झाडू द्या."

ओट्याखाली तिच्या कोंबड्या. त्यांना तिनं शास्त्रातली नावं दिली होती. कोंबड्याचं नाव पेत्र, कारण पेत्रानं प्रभूला नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता एवढं तिच्या लक्षात होतं. पाळकसाहेब भेटीला आले की ती त्यांच्यासमोरच ओरडायची, "पेत्रा, मेल्या, उतर खाली खाटेवरनं." एका नाताळला करंज्या, चकल्या, शेव सगळं झालं, पण मटण महाग म्हणून पेत्राचाच रस्सा झाला. दादांनी डोळे मिटून उपकारस्तुती केली. मोठीमायनं पहिला घास घेऊन सांगितलं की पेत्र जिवंतपणी बिनकामाचा होता, पण आता बरा लागतोय. पुढच्या कोंबड्याचं नावही तिनं पेत्रच ठेवलं.

पण ती खरी प्रसिद्ध होती ती देवळातल्या 'व्हय'साठी. तिची जागा डावीकडच्या दुसऱ्या बाकावर, खिडकीपाशी. उपदेशात पाळक जरा थांबले, की त्या रिकाम्या जागेत तिचा "व्हय" यायचा. मनापासून पटलं तर तोकडा, ठणठणीत. संशय असला तर लांबवलेला, "व्हऽऽय", म्हणजे सांगताय ते सांगा, बघू. आणि रविवारचं मटण चुलीवर ठेवून आलेली असली आणि उपदेश लांबला, तर एकामागून एक, "व्हय व्हय व्हय", म्हणजे आवरा आता. जुने पाळकसाहेब आमच्याच भागातले होते. ते म्हणायचे, मार्थाबाई आजारी पडल्या की मला उपदेश करताना भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. लहान पोरं तिच्या मागच्या बाकावर बसायला भांडत. मी लाजेनं मान खाली घालून बसायचे. शिकलेल्या बापाची पोर होते ना मी.

मग त्यांच्या जागी दुसरे पाळकसाहेब आले, पुण्याकडचे; कबरीपाशी बोलले ते फार नंतरचे. उंच, गोरे, अगदी छापील बोलणारे. त्यांना वाक्याच्या मधोमध थांबून वर छताकडं बघायची सवय होती. त्यांच्या पहिल्याच उपदेशात ते "आणि तेव्हा प्रभू काय म्हणाला?" असं विचारून वर बघत थांबले, आणि मोठीमायनं "व्हय" म्हणून टाकलं. ते दचकले. दोन-चार रविवार त्यांनी सोसलं आणि मग एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन चहा घेता घेता फार नम्रपणे सुचवलं, की मार्थाबाईंनी व्हयच्या ऐवजी आमेन म्हणावं. मोठीमायनं विचारलं, "आमेन म्हंजे काय हो सायेब?" ते म्हणाले, "आमेन म्हणजे तसंच असो. हे खरं आहे, मला मान्य आहे." मोठीमायनं त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला आणि विचारलं, "मंग व्हय म्हंजे काय?" पाळकसाहेब बराच वेळ चहा पीत राहिले. दादा कधी नव्हे ते हसले.

आता मनोहरकडं येते. जालन्याला ख्रिस्ती तरुणांचं संमेलन होतं, तिथं तो नगरहून आला होता. नगरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. एक फार मोठे वक्ते फार मोठं भाषण करत होते, आणि माझ्या पुढच्या बाकावरचा हा मुलगा गीतपुस्तकाच्या कोऱ्या पानावर त्यांचे कान काढत होता. माणूस नाही, नुसते कान. पण ते बघून कुणीही सांगितलं असतं की हे त्यांचेच. मी फस्सकन हसले, सगळ्यांनी वळून बघितलं, आणि हा शहाणा आपलं पुस्तक मिटून माझ्याकडं असा रागानं बघायला लागला की जणू हसण्यासारखं काही नव्हतंच. तिथंच माझं ठरलं. पुढं नातीनं एकदा विचारलं, आजी, तुमचं लव्ह मॅरेज का? मी म्हटलं, नाही गं, कानांवरून जमलं.

अडचण होती त्याच्या आईची. नगरची माणसं आमच्यात स्वतःला जरा उंच समजायची. त्यांची देवळं मोठी, त्यांच्या भजनाला पेट्या दोन, त्यांची मराठी शुद्ध. आमचा सगळा मुलूख त्यांच्या लेखी मोगलाई. निजाम गेला तरी त्यांच्या तोंडातून मोगलाई काही जात नव्हती. मनोहरच्या आईला, ज्यांना आमच्या घरात सगळे नगरच्या बाई म्हणत, मोगलाईतली सून नकोच होती. मुलगा हट्टाला पेटला म्हणून त्या कबूल झाल्या, पण मनापासून नव्हे. काही निमित्त सापडलं तर त्या पाय मागं घेणार, हे मनोहरनं मला स्पष्ट सांगितलं होतं. "महिनाभर तुझ्या घरच्यांनी नीट वागावं, एवढंच बघ," असं तो म्हणाला. मी आमच्या घरच्यांकडं बघितलं, म्हणजे मोठीमायकडं.

आणि नवल असं, की मोठीमाय नीट वागत होती. स्थळाला तिनं एका शब्दानंही नावं ठेवली नाहीत. मनोहर पहिल्यांदा घरी आला तेव्हा तिनं त्याला धपाटे आणि दही वाढलं, तो खाताना त्याच्याकडं टक लावून बघितलं आणि नंतर म्हणाली, "पोरगं हसतंय. बरं हाय." लग्नाची तयारी तिनं अंगावर घेतली. लग्नातल्या येसराच्या आमटीसाठी धान्य भाजलं, त्याच्या वासानं गल्ली भरून गेली. माझ्याशी भांडणं मात्र वाढली. मी चहात साखर किती घालते, केसांना तेल किती लावते, बादली कुठं ठेवते. सकाळी डोळा उघडल्यापासून तिचं सुरू. मीही काही ऐकून घेणारी नव्हते. एकदा आई रातपाळी करून आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "तुम्हा दोघींचं ऐकण्यापेक्षा तिथं आजाऱ्यांचं कण्हणं परवडतं." मला वाटायचं, म्हातारीला माझी घाई झालीय, मी एकदाची जावं म्हणून ही अशी करतेय. त्या वयात माणसाला जगातलं सगळं कळतं, तसं मलाही कळत होतं.

आमच्यात लग्नाआधीचे तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावं पुकारतात. पाळक नावं वाचतात आणि विचारतात, की या दोघांच्या विवाहास कोणाची रास्त हरकत असल्यास त्यानं ती आताच सांगावी. मग थोडं थांबायचं असतं. कुणी काही बोलत नाही, बोलायचं नसतंच, आणि पुढचं गीत सुरू होतं. हरकत आलीच तर मात्र मंडळीच्या पंचांनी बसून तिचा निकाल लावल्याशिवाय लग्न लागत नाही. पहिल्या दोन रविवारी पाळकसाहेबांनी नावं वाचली आणि श्वास न घेता "सांगावी गीत क्रमांक अमुक" असं एका दमात म्हणून टाकलं. डावीकडच्या दुसऱ्या बाकाची त्यांना धास्ती होती. पण तिसऱ्या रविवारी नगरची मंडळी आलेली. लग्न लगेच बुधवारी होतं. मनोहर आणि नगरच्या बाई पहिल्या बाकावर, त्यांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे. पाहुण्यांपुढं आपल्या देवळाची शोभा राहावी असं पाळकसाहेबांना वाटलं असणार. त्यांनी नावं ठासून वाचली, प्रश्न सावकाश विचारला, आणि सवयीनं छताकडं बघत थांबले.

"व्हय," मोठीमाय म्हणाली.

ठणठणीत. तोकडा. पेटी वाजवणाऱ्याचा हात पेटीवरच राहिला. मागच्या बाकावरची पोरं खिदळली. पहिल्या बाकावर मनोहरच्या खांद्यांना हादरे बसत होते आणि नगरच्या बाई त्याला चिमटा काढत होत्या, हे मला मागूनही दिसलं. मी मोठीमायकडं बघितलं. ती समोर बघत होती, तोंड किंचित उघडं, जणू तिच्या तोंडातून निघालेलं काहीतरी तिलाच समोर दिसत होतं. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. आम्ही ते गायलो कसं, देव जाणे.

उपासना संपल्यावर देवळामागच्या छोट्या खोलीत, जिथं पाळकसाहेब झगा बदलायचे, तिथं सगळ्यांना बोलावलं. पाळकसाहेब, दोन-तीन पंच, दादा, पांढऱ्या साडीत कामावरून धावत आलेली आई, मी, मनोहर, आणि नगरच्या बाई, ज्या बसल्याच नाहीत. त्या हातात पिशवी धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दुपारची नगरची मोटार आहे. भर देवळात आमची शोभा झाली. मुलीच्या आजीचाच विरोध असेल तर आम्हाला काही म्हणायचं नाही. आमच्याकडं मुलीनं, तिच्या माणसांनी मनापासून हो म्हणावं लागतं." दादा चष्मा पुसत होते. आई मोठीमायच्या कानाशी वाकून म्हणाली, "आत्याबाई, चुकून निघालं म्हणा. हरकत नाही म्हणा." मोठीमाय खुर्चीत बसून होती. मी तिच्याकडं असं बघत होते की त्या बघण्यानं पत्र्याला भोक पडलं असतं. माझा संसार सुरू व्हायच्या आधीच त्या पिशवीत बसून नगरच्या मोटारीनं निघाला होता.

पाळकसाहेबांनी विचारलं, "मार्थाबाई, तुमची या विवाहास हरकत नाही ना?"

"व्हय," मोठीमाय म्हणाली.

आता याचा अर्थ काय लावायचा? हरकत नाही, हे व्हय? की हरकत आहे, हे व्हय? पंचांनी एकमेकांकडं बघितलं. पाळकसाहेबांनी कपाळ पुसलं.

तेव्हा दाऊदकाका पुढं सरसावले. दाऊदकाका पंचांतले सगळ्यांत वजनदार गृहस्थ. निजामाच्या काळात अदालतीत पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढं कागद मांडणारे कारकून, होते. त्यांची उर्दू ऐकायला म्हणे वकील लोक थांबायचे. पण आता कचेऱ्यांतली भाषा बदलली होती आणि काकांच्या विद्येला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. ते घसा साफ करत म्हणाले, "साहेब, यातला पेच माझ्या ध्यानात आला. हरकत हा शब्द मराठीत आपण विरोध या अर्थानं घेतो. पण उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. आणि आमच्याकडच्या दखनीत हरकती करणं म्हणजे खोड्या करणं, चाळे करणं. मार्थाबाईंचा सारा जन्म इथला. तुम्ही विचारलंत, हरकत आहे का. त्यांनी ऐकलं, पोरीच्या काही हरकती आहेत का. आता पोरीच्या खोड्या कुणाला ठाऊक नाहीत? त्या व्हय म्हणाल्या. बस्स, मामला खतम."

खोलीतली हवाच बदलली. पाळकसाहेबांचा चेहरा खुलला. पंच माना डोलावू लागले. मनोहर म्हणाला, "हिच्या हरकती मला मंजूर आहेत," आणि नगरच्या बाईंनीसुद्धा पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणजे शब्द कळला नाही होय," त्या म्हणाल्या. "मोगलाईत असं होणारच. म्हाताऱ्या माणसाला काय बोल लावायचा." माझ्या जिवात जीव आला. दाऊदकाकांच्या पाया पडावंसं वाटलं. आणखी एक मिनिट मोठीमाय गप्प राहिली असती तर आम्ही सगळे उठून जेवायला गेलो असतो.

"कोण म्हणलं मला शब्द कळला नाय?" मोठीमाय म्हणाली.

आईनं डोळे मिटले.

"दाऊद, तू चड्डी घालत नव्हतास तवापासनं मला हरकत कळती. हिच्या बापाला मिशनच्या मडमेनं बोर्डिंगात घातला, तवा मला कागदावर अंगठा दे म्हणली, माझी हरकत नाय म्हून. एवढंसं पोरगं होतं. दिला अंगठा. हरकत होती, तरी दिला. नवरा मिशनच्या कामाला दूर गेला, तवाबी इचारलं, हरकत नाय ना? नाय म्हणलं. त्यो तिकडंच मेला. सून रातपाळीला जाती, तवाबी मी नाय म्हणलं. जलमभर मला कुणी इचारलं की मी हरकत नाय म्हणती. आज सवयीनं व्हय निघालं, खोटं नाय बोलत. पण निघालं तवाच मला कळलं, की हे खरंच हाय. हाय माझी हरकत. पोरगी नगरला जाणार. मंग सकाळी माझ्यासंगं भांडायला कोण? हिचा बाप? त्याला शिवी दिली तर धन्यवाद म्हणतोय. हिचं नाव रूथ ठेवलं तवाच मी माती खाल्ली. शास्त्रातली रूथबी गेलीच की सासूच्या मागं परमुलखात. मागं तिची आजी रडत बसली आसंल, ते लिहायचं मातर कुणाला सुचलं नाय."

दादांनी चष्मा पुसायचं थांबवलं होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना त्यांच्या आईच्या तोंडाकडं असं सरळ बघताना पाहिलं नव्हतं. नगरच्या बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे लग्न मोडायचं म्हणता तुम्ही?"

"मोडा असं मी कवा म्हणलं?" मोठीमाय त्यांच्यावरच खेकसली. "लग्न लावा. पोरगं चांगलं हाय. इचारलं म्हून सांगितलं. देवाच्या घरात इचारल्यावर आजून किती डाव खोटं बोलू? हरकत हाय. हरकतीसकट लावा."

पाळकसाहेब अगदीच गडबडले. त्यांच्या नियमात हे कुठंच बसत नव्हतं. हरकत आहे, पण लग्न लावा. शेवटी त्यांना त्या वाक्यातला एक शब्द सापडला. "आपला प्रश्न रास्त हरकतीचा आहे," ते म्हणाले, "तेव्हा पंचांनी सांगावं, ही हरकत रास्त आहे का?" पंचांनी दाऊदकाकांकडं बघितलं. दाऊदकाकांचे डोळे भरले होते. ते म्हणाले, "रास्त तर आहेच साहेब. कायद्यात बसत नाही, एवढंच."

मनोहर मोठीमायच्या खुर्चीपाशी खाली बसला. "आजी, दर सुटीत हिला आणून सोडीन." मोठीमाय म्हणाली, "आणून सोडशील, परत घिऊनबी जाशीलच की." तो तिचा हात धरून तसाच बसून राहिला, आणि तिनं तो काढून घेतला नाही. नगरच्या बाई बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी पिशवी भिंतीशी ठेवली आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसल्या. "आता आम्ही काय करावं म्हणता?" असं त्यांनी विचारलं, पण आवाजात ती धार नव्हती. "जेवायला चला," मोठीमाय म्हणाली. "मटण लागलं आसंल. वरचं वरचं वाढती." मटण खरोखरच लागलं होतं. नगरच्या बाईंनी दोनदा मागून घेतलं आणि दोन्ही वेळा जरा करपट आहे असं सांगितलं.

मी त्या दिवशी मोठीमायशी एक शब्द बोलले नाही. रागानं नव्हे. ही बाई मला वाटेला लावायला टपलीय असं मी महिनाभर समजत होते. सोमवारी सकाळी तिनं माझ्या चहातली साखर काढली तेव्हा मी गप्प बसले. ती माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "भांड की. आजून हायेस ना हितं." मग मी भांडले. मंगळवारी तर आम्ही बादलीवरून असं भांडलो की पाहुणे घाबरले.

बुधवारी देऊळ भरलं होतं. रविवारची बातमी सगळ्या छावणीभर झाली होती. ज्यांना बोलावलं नव्हतं तेही आले होते, खिडक्यांशी उभे होते. आमच्या लग्नविधीत तोच प्रश्न पुन्हा एकदा, वधूवर समोर उभे असताना, विचारतात. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं, तो प्रश्न आला आणि त्यांचा आवाज जरा खाली गेला. सगळ्यांच्या माना डावीकडच्या दुसऱ्या बाकाकडं वळल्या. मीही वळून बघितलं. नवरीनं असं वळून बघायचं नसतं, पण मी बघितलं. ती नवं लुगडं नेसून खिडकीपाशी बसली होती. पदराचा बोळा तिनं तोंडावर दाबून धरला होता, दोन्ही हातांनी, जसं उकळत्या पातेल्यावर झाकण धरावं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते ती पुसत नव्हती, कारण पुसायला हात मोकळा करावा लागला असता.

म्हण ना गं म्हातारे, मला मनातून ओरडावंसं वाटलं. हाय म्हण. अजून हाय म्हण. मी तुझ्यावर नाही चिडणार. पाळकसाहेब नेहमीपेक्षा कितीतरी जास्त थांबले, छताकडं न बघता तिच्याकडं बघत थांबले. ती काही बोलली नाही. मग त्यांनी पान उलटलं, आणि माझं लग्न लागलं.